मिनिटांची घासाघीस

मला फसवलं ते नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मॅनेजरने. मी त्याला फसवलेलं नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गेलं दीड वर्ष तो बरोबर उलटं सांगत फिरतो आहे आणि लोकांच्या डोक्यात आधी ऐकलेलंच बसतं.

मी लिक्विड विकते. फरशी पुसायचं, भांडी घासायचं, आणि अलीकडे हॉस्पिटलात जंतू मारायला लागतं ते. सुरुवात फिनेलने केली. इंदिरानगरात नव्या बिल्डिंगी उठत होत्या तेव्हा घरी कालवलेलं फिनेल जुन्या बाटल्यांत भरून मी जिने चढायचे. एखादी बाई दारातूनच म्हणायची, "तुमचं पाण्यात टाकलं की दुधासारखं होत नाही." मी म्हणायचे, "बादली आणा." तिच्याच बादलीत, तिच्याच पाण्यात ओतून दाखवायचे. पांढरंधोप झालं की ती गप्प, आणि मी दोन बाटल्या ठेवून खाली. माझ्या मालात पाणी आहे असं म्हटलेलं मला तेव्हाही सहन व्हायचं नाही. एकदा एका सोसायटीच्या सेक्रेटरीने चारचौघांत तसं म्हटलं, तर मी त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर अख्खी बाटली उपडी केली होती. वास आठवडाभर गेला नाही असं नंतर कळलं. मला वाईट वाटलं नाही.

घासाघीस मला वडिलांकडून आली. ते लासलगावच्या मार्केटात हमाल होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि लिलाव बघत उभी राहायचे. कुठे गप्प बसायचं, कुठे पाठ फिरवून चालायला लागायचं, समोरचा हाक मारतो तो दोन पावलांवर की दहा, हे सगळं मी तिथे पाहिलं. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवायचे. ट्रॉलीवर वरचा कांदा सगळ्यांचाच चांगला असतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि तळचा कांदा वर काढायचा. मग बोलायचं.

त्या मॅनेजरशी बोलताना मी हात आत घातला नाही. सगळं तिथून बिघडलं.

माणूस गोड. तोंडात सतत 'ताई'. टेबलावर सॅनिटायझरची बाटली, आणि बोलता बोलता दर दोन मिनिटांनी हाताला चोळायची सवय. मी त्याला आयसीयूतल्या खाटा, कठडे, सलाईनचे स्टँड कसे पुसायचे ते सांगत होते. आधी साबणाच्या पाण्याने ब्रश लावून घासायचं. मग पुसून लिक्विड मारायचं. मग ते दहा मिनिटं ओलंच राहू द्यायचं.

"दहा मिनिटं?" तो म्हणाला. "ताई, बाहेर स्ट्रेचरवर पेशंट असतो. नातेवाईक माझी कॉलर धरतात."

"कॅनवर लिहिलंय. दहा."

"कॅनवर एमआरपी पण लिहिलेली असते. एमआरपीला कोण घेतं? तीन करा."

मी हसले. तिथे हसले ते आजही खुपतं. पण तो माझ्या भाषेत बोलत होता, आणि कोणी त्या भाषेत बोलायला लागलं की माझ्या अंगात येतं.

"आठ," मी म्हणाले.

"चार. आणि ते ब्रशने घासणं काढून टाका. घासायचंच असेल तर तुमचं लिक्विड कशाला?"

"घासणं तुमचं तुम्ही बघा. पण मिनिटं पाच. शेवटचं सांगते."

"झालं! पाच. ताई, तुमच्यापुढे कोणाचं चालणार?"

मी जिना उतरले तेव्हा खूश होते. तिनावरून पाचावर आणला म्हणून. माणूस खूश करून पाठवायचा असतो हे मलाही येतं, त्यालाही येत होतं. ती दहा मिनिटं कुणाशी ठरली होती, हा प्रश्न मला पायरीवर पडला नाही, गाडीवर बसताना पडला नाही, घरी जाऊनही पडला नाही. ज्या जंतूंना मारायचं ते या सौद्यात बसलेच नव्हते.

पाच-सहा महिने सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी फोन आला, ताबडतोब या.

मीटिंगच्या खोलीत मॅनेजर, आयसीयूचे डॉक्टर आणि एक सिस्टर बसलेल्या. भिंतीला टेकून चार सफाईवाल्या मावशी उभ्या. टेबलाच्या मध्यभागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली फवाऱ्याची एक बाटली. माझ्या लिक्विडची. आयसीयूत लागोपाठ तिघांना एकच इन्फेक्शन झालं होतं. म्हणून सगळीकडचे स्वॅब घेतले. जंतू सापडले खाटेच्या कठड्यांवर, हात धुवायच्या बेसिनमध्ये, आणि त्या बाटलीत.

"ताई," मॅनेजर हात चोळत म्हणाला, "जंतू मारायच्या औषधात जंतू. आता तुम्हीच सांगा, आम्ही काय समजायचं?"

"सीलबंद कॅन फोडा आणि तपासा. माझ्यासमोर."

"तुम्ही पाणी घालता असं मी कुठे म्हणतोय? पण पाणी कुठून तरी आलंच ना." मग तो डॉक्टरांकडे वळून हसला. "पाणीवाल्या ताई."

भिंतीजवळच्या एका मावशीने तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की काय, मला तेव्हा कळलं नाही. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. मी काहीतरी बोलले, मोठ्याने बोलले. काय ते नेमकं आठवत नाही. सिस्टर म्हणाल्या, "हळू, आत पेशंट आहेत." त्या एका वाक्याने मी आणखी खोटी ठरले. खऱ्या माणसाला ओरडावं लागत नाही असं बघणाऱ्यांना वाटतं.

आठवड्याच्या आत ते नाव माझ्या आधी पोहोचायला लागलं. नाशिकरोडच्या एका हॉस्पिटलात स्टोअरकीपर मला बघून म्हणाला, "या पाणीवाल्या ताई. त्या पाण्यातले मासे सुटे देता की किलोवर?" दुसरीकडे मला आत बोलावलंच नाही. वीस वर्षं जिने चढून मी एकच गोष्ट कमावली होती, ही बाई भावात चिवट आहे पण मालात खोट नाही. ती त्याने एका शब्दात बुडवली.

मी सीलबंद कॅन उचलला आणि लॅबमध्ये दिला. स्वच्छ निघाला. तो कागद घेऊन मी मॅनेजरकडे गेले. त्याने तो हातातही धरला नाही. "तुमचा कॅन, तुमची लॅब," म्हणाला.

यानंतर काही दिवसांनी, दुपारी जेवणाच्या वेळेला, पदर लावलेली ती मावशी माझ्या दुकानात आली. घोटीहून रोज एस.टी.ने यायची, अकरा वर्षं त्या हॉस्पिटलात होती. आली ती भांडायलाच.

"पानी तुमी घातलं आन् घरी मी बसले," काउंटरवर पिशवी आपटून ती म्हणाली. "मला काढलं कामावरनं. म्हनले, तुझ्या वॉर्डात झालं. आता सांगा, घातलं का नाय पानी?"

"नाही घातलं."

"मंग बाटलीत किडं कशानं झालं?"

मीही कमी नाही. "तुम्ही बाटली शेवटची कधी धुतली होती?"

ती माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघायला लागली. "धुवायची? बाई, साबनाची बाटली कोन धुतं? ज्यानं धुवायचं तेच धुवायचं का?"

 माझ्या घरच्या मोरीत भांड्यांच्या लिक्विडची बाटली होती, आणि तीही मी कधी धुतली नव्हती.

"मग संपली की?"

"संपू द्यायचीच नाय. निम्मी झाली की वरनं भर घालायची, बेसिनच्या नळाचं पानी आन् टोपनभर तुमचं औषध. मोठे डॉक्टर राऊंडला आले की बाटली भरलेली दिसाया पायजे. निम्मी दिसली की सायेब वरडायचा. सहा महिने तीच बाटली हाय."

तिने पिशवीतून बाटली काढली. रिपोर्ट आल्यावर त्यांनी वॉर्डातल्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या होत्या. ही तिने उचलून ठेवली होती. "चोरली नाय," ती आधीच म्हणाली. "टाकून देत व्हते."

बाहेरून बाटली चकचकीत. लेबल जागेवर. आतलं पाणी नितळ दिसत होतं. मी हातमोजे घातले, आतलं ओतून टाकलं. बाटलीचं तोंड अरुंद, हात जाईना. मग मी कटर घेतला आणि बाटली उभी कापली. दोन अर्धुकं काउंटरवर ठेवली आणि आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

बुळबुळीत. पावसाळ्यात घाटाच्या पायरीला असतं तसं. डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, उजेडात तिरकं धरलं तर नुसती एक फिकी साय. बोटाला मात्र ती चुकत नव्हती. मला वडिलांचा कोपरापर्यंत आत गेलेला हात आठवला.

मी नवा कॅन फोडला. एका अर्धुकात लिक्विड ओतलं, पाणी न घालता, चोख. मावशी आणि मी, दोघी घड्याळाकडे बघत बसलो. पूर्ण दहा मिनिटं. मग मी पुन्हा बोट फिरवलं. थोडं कमी, पण साय होतीच.

"तुमचं औषध बी नालायक हाय," मावशी म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

दुसरं अर्धुक मी साबणाचं पाणी आणि नारळाचा काथ्या घेऊन घासलं. मोरीत बसून आई रांजण घासायची तसं, जोर लावून. धुतलं, बोट फिरवलं, आणि प्लॅस्टिक करकरलं. त्या आवाजाने आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

लॅबमधल्या मॅडमना मी दुसऱ्या दिवशी ते घासून न काढलेलं अर्धुक नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही बायोफिल्म." मी म्हटलं, मला फिल्म नको, सरळ सांगा. त्यांनी सरळ सांगितलं. जंतू सुटे फिरत असतात तेव्हा औषधाला लवकर मरतात. पण ओल मिळाली की ते भिंतीला चिकटतात, आपल्या अंगातून चिकट द्रव काढतात आणि त्याच्या आत थर करून राहतात. औषध वरच्या थराला लागतं, खालच्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्याची ताकद जाते. मग खालचे पुन्हा वाढतात. बाटलीत वरून भर घालत राहिलं तर पातळ औषधात जगायची सवय झालेलेच तेवढे शिल्लक राहतात. बेसिनच्या जाळीखाली, नळाच्या तोंडाशी, फवाऱ्याच्या नळीत हेच होतं. कठड्यासारख्या कोरड्या जागीसुद्धा असा थर बसतो, तो तर हाताला कळतही नाही. "म्हणून आधी घासायचं," त्या म्हणाल्या, "थर मोडायला. मग औषध. मग पुरता वेळ. यातलं एक काढलं की बाकीची दोन असून नसल्यासारखी."

मी एक काढू दिलं होतं, आणि दुसरं निम्मं केलं होतं.

मावशीला हे सांगायला मी बोलावून घेतलं. आणि विचारलं, "फवारल्यावर पाच मिनिटं तरी थांबायचात ना?"

"कुठली पाच? सायेब म्हनले, लिक्विडवाल्या ताईशी माझं बोलनं झालंय. लय जालीम हाय, मारलं की लगेच पुसा, ताईनीच सांगितलंय."

"माझं नाव घेऊन?"

"तुमचंच. आमी म्हनलं, इकनारी बाईच म्हनती तर बरोबर असंल."

मी तिला म्हटलं, करून दाखवा. तिने माझा काउंटर खाट समजून फवारला आणि फडक्याने पुसला, अकरा वर्षांच्या सवयीने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सफाईदार. मी मोबाईलवर वेळ लावली होती. पंचेचाळीस सेकंद.

तिने फडकं पिळलं आणि विचारलं, "मंग खरं किती ठेवायचं व्हतं?"

"दहा मिनिटं."

"तुमी तर पाच म्हनल्या आत्ता. ती वरची पाच कुनी काढली?"

रागीट माणसाला एक सोय असते, अशा वेळी ओरडता येतं. मला ओरडता आलं नाही. "मी," म्हणाले. "त्याने तीन मागितली, मी पाचावर सोडलं."

तिने पिळलेलं फडकं काउंटरवर पसरलं. मग फडक्याची घडी घालत म्हणाली, "तुमी बी का?"

मॅनेजरचा 'पाणीवाल्या ताई' मला जेवढा लागला नाही तेवढं हे लागलं. आणि त्याचाही हिशेब मी त्याच्याच नावावर धरला आहे, हे लपवत नाही.

कापलेली बाटली आणि लॅबचा कागद घेऊन मी त्याच्याकडे गेले. या वेळी ओरडायचं नाही असं ठरवून गेले. वरून भर घालणं, पंचेचाळीस सेकंद, माझ्या नावाने दिलेला हुकूम, सगळं एकेक करून समोर मांडलं. त्याने चहा मागवला. मग दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, आपण दोघं व्यवहारातली माणसं. मी सगळीकडे फोन करतो. लिक्विड चांगलं होतं, आमच्याकडे वापरण्यात चूक झाली, असं स्वतः सांगतो. तुमचं नाव धुतलं जाईल. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की तुम्ही दाखवलं होतं तसं मावशीने केलं नाही. ती तर गेलीच आहे. तिला आता काय फरक पडतो?"

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"लास्ट बोला, ताई."

खरं तेच लिहिते. मी विचार केला. त्या चहावर साय धरेपर्यंत मी विचार केला. नाव परत मिळणार होतं. जे मी वीस वर्षांत कमावलं आणि याने एका दुपारी घालवलं ते, एका ओळीत. समोरचा घाईत आहे, आणखी खेचलं तर आणखी देईल, हेही मला दिसत होतं. सौदा चांगला होता. मी केलेल्या कितीतरी सौद्यांपेक्षा चांगला. आणि तेवढ्यात तो हात चोळायला लागला, पाच मिनिटं ठरली त्या दिवशी चोळत होता तसेच, आणि माझ्या लक्षात आलं की या खोलीत आम्ही दोघं पुन्हा तिसऱ्याच्या जिवावर भाव करतो आहोत. पहिल्या वेळी खाटेवर येणारा पेशंट इथे नव्हता. आज मावशी नव्हती.

मी उठले. त्याच्या केबिनमध्ये कोपऱ्यात बेसिन होतं, पांढरंशुभ्र. मी मोबाईलचा टॉर्च जाळीवर धरला. खाली काळा, लोंबता, चकाकणारा थर.

"इथे बोट घाला," मी म्हणाले.

"ताई, काहीतरीच काय."

"एकदा घाला. मग मी लास्ट बोलते."

त्याने हात मागे घेतले आणि सॅनिटायझरची बाटली उचलली. तीही निम्मीच्या वर भरलेली होती. मी तिच्या तळाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानेही तळाकडे बघितलं. दाबता दाबता थांबला. तेवढा एक क्षण मला त्याच्याकडून फुकट मिळाला आहे, आणि अजूनही झोप येत नसेल तर मी तो आठवते.

मी काहीही लिहून न देता निघाले. बाहेर सिस्टर भेटल्या. मी विचारलं, ते तिघं पेशंट कसे आहेत. दोघं घरी गेले, म्हणाल्या, उशिरा गेले. तिसऱ्याचं विचारलं तर त्या ट्रेमधल्या पट्ट्या सारख्या करत राहिल्या.

तेव्हापासून ती कापलेली बाटली माझ्या काउंटरवर आहे, काचेच्या बरणीत झाकण लावून. येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि मी प्रत्येकाला सांगते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, घ्यावं लागत नाही. मावशी आता माझ्याकडे आहे. जिथे माल देतो तिथे आधी ती जाते, बाटल्या रिकाम्या करते, घासते, वाळवते आणि मगच भरू देते. कोणी मिनिटं कमी करायला लागलं तर ती माझ्याकडे बघते. मी आता मिनिटांचा भाव करत नाही. काही जण माल नको म्हणतात. नको तर नको.

पण माझं समाधान झालेलं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही. आम्ही दोघांनी घासाघीस केली. घासलं कोणीच नाही. त्यातली माझी बाजू मी इथे लिहिली. कॅनवरच्या दहातली पाच मिनिटं मी सोडली. ती माझी चूक, मावशीसमोर कबूल केली, आता सगळ्यांसमोर करते. पण पाच उरली होती. त्या पाचातली सव्वाचार कोणी खाल्ली, कोणाचं नाव सांगून खाल्ली, आणि त्याबद्दल घोटीची एक बाई घरी का बसली?

त्याने उत्तर द्यावं. बंद केबिनमध्ये नको, फोनवर नको. त्याच मीटिंगच्या खोलीत, डॉक्टर आणि सिस्टर बसलेल्या असताना, चारही मावशी समोर असताना. आणि त्या वेळी त्यांना खुर्च्या दिलेल्या असाव्यात. उत्तर लांबलं तर त्यांना तोवर उभं राहावं लागू नये.